सुनावणी म्हणजे संमती नव्हे

गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ चे. जनसुनावणी सक्तीची झाली १९९७ मध्ये. धरणाआधी पवनीच्या गावांना जाहीरपणे विचारण्याचे बंधनच नव्हते.

आज आहे. पर्यावरण मंजुरीच्या सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते, अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. मात्र तिला कोरम नाही. दहा माणसे आली तरी ती 'पार पडते'. म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो, शेवटी इतिवृत्त वाचून दाखवेपर्यंत उठू नका. आपला आक्षेप त्यात नसेल तर तिथेच बोला.

संमती वेगळी. भंडारा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे इथल्या गोंड-हलबा गावांना पेसा लागू नाही. (आपल्या बैठकांत हे हमखास विसरले जाते.) वनहक्क कायदा २००६ मात्र लागू आहे. त्याच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. याच कायद्याच्या बळावर २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइट खाण नाकारली.

तुमसर-साकोलीकडे जंगलालगतच्या गावांत आधी सामूहिक वनहक्काचे दावे भरायला मदत करा. दावाच नसेल, तर ग्रामसभा नकाराचा ठराव कशाच्या आधारावर करणार?