पाट्यांवरची ड्रॅग कार आणि तिचे मागचे शॉक

शेवरोले कॅमेरोच्या १९६७च्या पहिल्या मॉडेलला मागच्या प्रत्येक चाकाला स्प्रिंगचा एकच पाटा होता. मोठ्या इंजिनाची गाडी जोरात सोडली की मागची चाकं रस्त्यावर थडथड उडायची. १९६८मध्ये कंपनीने जास्त ताकदीच्या गाड्यांना अनेक पाट्यांची स्प्रिंग दिली आणि मागचा एक शॉक एक्सलच्या पुढे, दुसरा मागे असे बसवले. शॉक कुठे बसतो याला किती महत्त्व आहे, ते इथे कळतं.

चाकं उडण्याचं कारण असं: चाकं पुढे फिरतात तेव्हा एक्सलचं हाऊसिंग उलटं फिरू पाहतं आणि डिफरन्शियलचं तोंड वर उचललं जातं. त्याला धरून ठेवायला पाट्यांशिवाय कुणी नसतं. ते पिळले जातात, सुटतात, पुन्हा पिळले जातात. क्राइस्लरने साठच्या दशकात यावर पाट्यातच उपाय केला. सुपर स्टॉक स्प्रिंगचा एक्सलपुढचा भाग आखूड आणि ताठ होता. शिवाय उजव्या पाट्याला कमान जास्त होती, कारण इंजिनाच्या पिळाने उजवं चाक हलकं होतं.

म्हणून आधी पाटे ठरवावेत, मग शॉक. मऊ पाट्यांवर गाडी मागे बसते, तेव्हा शॉकचं दबणं आवरावं लागतं. पाट्यांचं पिळणं रोखणारे कॅलट्रॅक्ससारखे बार लावले की उलट होतं: बॉडी मागून वर उठते, टायर खाली रेटला जातो आणि सगळी मदार शॉकच्या उघडण्यावर येते. दबणं आणि उघडणं वेगवेगळं जुळवता येणारा शॉक महाग असतो, पण बार लावलेल्या गाडीत त्या पैशांचं चीज होतं असं माझं ठाम मत आहे.

बसवताना घाई नडते. पेट्रोल भरून, चालकाला बसवून गाडी चाकांवर उभी करावी आणि वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंतचं अंतर मोजावं. त्या उंचीवर शॉकला दबायला आणि उघडायला, दोन्हीकडे जागा उरली पाहिजे. बार असतील तर उघडायला जास्त. शॉक पूर्ण ताणला गेला की तो वर उठणाऱ्या बॉडीबरोबर टायरही उचलतो आणि पकड तिथेच जाते. पूर्ण दबला तर दांडा वाकू शकतो. रबरी बुशचे बोल्ट जॅकवर कसू नयेत. गाडी हवेत असताना कसले तर खाली उतरवल्यावर बुश कायम पिळलेला राहतो.

पाव मैलाच्या शर्यतीत निकाल पुष्कळदा पहिल्या साठ फुटांतच लागतो. तेवढ्या भागाची वेळ लिहून ठेवावी आणि मागच्या टायरचं बाजूने चित्रीकरण करावं. टायर जमिनीवर आपटून लगेच सुटला तर उघडण्याची बाजू घट्ट करावी. न दबताच घसरला तर सैल. एका वेळी एकच बदल, आणि ट्रॅक तापला किंवा थंडावला की जुनी सेटिंग पुन्हा तपासावी.