पडद्यावरील मुंबईचा पत्ता

गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस साडेनऊशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर पोंचते. त्या गाडीनें प्रथमच आलेल्या प्रवाशालाहि फोर्ट विभाग पुष्कळदां ओळखीचा वाटतो. कारण उघड आहे. तो त्यानें पडद्यावर पाहिलेला असतो. अशी ओळख करून देणाऱ्या चित्रपटांत बासु चॅटर्जी यांच्या १९७६ सालच्या ‘छोटी सी बात’ या विनोदी हिंदी चित्रपटाला मानाचें स्थान आहे.

कथानक अगदीं साधें. अरुण हा लाजाळू तरुण बसच्या थांब्यावर प्रभेला रोज पाहतो, परंतु तिच्याशीं बोलण्याचें धैर्य त्याला होत नाहीं. तोंच तिच्या कचेरींतला नागेश स्कूटरवर येतो आणि तिला घेऊन जातो. मूळ कल्पना ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या १९६० सालच्या ब्रिटिश चित्रपटाची; पण थांबा, रांग आणि बसची वाट पाहणारीं माणसें मात्र अस्सल मुंबईचीं.

थांबा काय, स्टुडिओंतहि उभारतां आला असता. मग खऱ्या रस्त्याचा खटाटोप कशासाठीं? याचें उत्तर विनोदाच्या स्वरूपांतच आहे. बसची रांग ही मोठी चमत्कारिक जागा. अनोळखी स्त्री-पुरुष तेथें रोज ठराविक वेळीं हातभर अंतरावर उभे राहतात. मात्र बोलण्याला निमित्त नसतें. भित्र्या माणसाला याहून सोयीची व याहून छळणारी दुसरी जागा सांपडणें कठीण. भोंवतालची गर्दी खरी असल्यामुळेंच अरुणचें भय खरें वाटतें, आणि भय खरें वाटतें म्हणूनच हंसूं येतें. चॅटर्जी हे चित्रपटांत येण्यापूर्वीं वर्षानुवर्षें व्यंगचित्रकार होते. सामान्य माणसाची फजिती कोठें उभी असते, हें त्यांना नेमकें ठाऊक होतें. छायालेखक के. के. महाजन यांनीं ती तेथेंच जाऊन टिपली.

पुढें अरुण खंडाळ्याला कर्नल साहेबांकडे धैर्याचे धडे घेण्यास जातो. कर्नलची ही भूमिका अशोककुमारांची. गर्दींत गमावलेला आत्मविश्वास घाटमाथ्यावरील एकांतांत मिळवावयाचा आणि त्याची परीक्षा पुन्हां गर्दींतच द्यावयाची, अशी ही योजना. स्थळांची ही मांडणीच अर्धी कथा सांगून जाते.

या चित्रपटांतील एक स्थळ मात्र आतां केवळ पडद्यावरच उरलें आहे. काळा घोडा येथील जहांगीर कलादालन १९५२ सालीं उघडलें. त्याच्या लांबट व्हरांड्यांत १९६४ पासून ‘समोवार’ नांवाचें उपाहारगृह होतें. चित्रकार, लेखक, विद्यार्थी तेथें चहाच्या एका पेल्यावर तासन् तास बसत. अरुणची भूमिका करणारे अमोल पालेकर हे स्वतः जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, तेव्हां चित्रकारांचें जग त्यांना परकें नव्हतें. २०१५ सालीं समोवार बंद झालें.

मोठ्या इमारतींची नोंद सरकार ठेवतें, इतिहासकार ठेवतात. परंतु एखादा तरुण मनांतलें बोलण्यासाठीं ज्या टेबलाशीं बसला, त्या टेबलाची नोंद कोण ठेवणार? ती या हलक्याफुलक्या चित्रपटानें, तसा हेतु नसतांहि, ठेवली. टर्मिनसवर उतरलेला गोंदियाचा प्रवासी अर्ध्या तासाच्या आंत पायीं कलादालनापर्यंत पोंचूं शकतो. इमारत त्याला दिसेल, चित्रेंहि दिसतील. चहाचें तें टेबल मात्र दिसणार नाहीं. त्यासाठीं त्याला घरीं परत जाऊन चित्रपटच पुन्हां पाहावा लागेल. त्या वेळीं नायक-नायिकेवरून नजर क्षणभर काढून त्यानें मागची भिंत, शेजारचीं माणसें आणि रस्ता यांकडेहि पाहावें. आणि मग आपल्या गांवच्या स्टेशनाबाहेरील चहाचें दुकान कोणी कोठें टिपून ठेवलें आहे काय, याचाहि विचार करावा.