ऊर्जेचा साठा आणि ऊर्जेचा झरा

ठाणे शहराच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या खाडीकाठी, कोलशेत हे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव आहे. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत असून त्याच्या सभोवती उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि गावाजवळून वाहणाऱ्या पाण्याची हकीगत शेतकरी बंधूंनी समजून घेण्यासारखी आहे. या पाण्याचा काही भाग मुळात या खोऱ्यातील नव्हेच. घाटमाथ्यावर पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात वाहणाऱ्या आंध्रा नदीवर ठोकळवाडी येथे धरण बांधून तिचे पाणी पश्चिमेस, कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे उतरविण्यात आले आहे. सुमारे 500 मीटर खाली येताना ते वीजगृहातील चक्रे फिरविते, आणि मग उल्हास नदीत मिसळून बदलापूर, कल्याण करीत खाडीला येते. टाटांचे हे वीजगृह 1922 साली सुरू झाले. खोपोलीचे त्यापूर्वी 1915 साली व भिऱ्याचे त्यानंतर 1927 साली सुरू झाले होते.

याच खोऱ्यात ठाकुर्लीनजीक चोळे येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1929 साली दुसरे वीजगृह उभारले. ते कोळशावर चाले. आगगाड्यांना वीज मिळावी म्हणून कोळशाच्या वाघिणी शेकडो मैलांवरून रिकाम्या होण्यासाठी येत आणि राखेचे ढीग मागे राहत. 1980 नंतरच्या दशकात ते बंद पडले. भिवपुरीचे वीजगृह मात्र यंत्रे बदलून आजही चालू आहे, कारण त्याचे इंधन दर पावसाळ्यात आपोआप भरून येते.

ऊर्जेच्या दोन प्रकारांतील भेद एवढाच आहे. दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू हे साठे होत. चंद्रपूरकडील कोळसा 25 कोटी वर्षांहून अधिक जुना आहे. तो एकदा जाळला की आपल्या किंवा आपल्या नातवंडांच्या हयातीत पुन्हा तयार होणार नाही. मुंबईपासून दूर समुद्रात 1974 साली सापडलेल्या ‘बॉम्बे हाय’च्या तेलाचेही तसेच आहे. तारापूरचे अणुवीजगृह 1969 पासून वीज देत आहे व त्याच्या धुराड्यातून कोळशासारखा धूर निघत नाही. परंतु त्याला लागणारे युरेनियमही खाणीतूनच येते, म्हणून त्याची गणना साठ्यातच करावी लागते. उलटपक्षी सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी आणि उगवणारी वनस्पती हे झरे होत. भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे पिढ्यान्‌पिढ्या सूर्याच्या उष्णतेवर मीठ पिकवीत आली आणि त्यांना त्या उष्णतेचे बिल कधी आले नाही!

साठ्याची एक मोठी सोय आहे, ती नाकारणे योग्य नव्हे. कोळसा रात्री, ढगाळ दिवशी, हवा तेव्हा जाळता येतो. सूर्य व वारा आपल्या वेळेने येतात. मात्र कोळसा व तेल जाळल्याने हवेत कर्बवायू वाढतो, त्यामुळे पृथ्वीचे तापमान चढते, आणि त्याचा परिणाम अवेळी पावसाच्या रूपाने शेतकऱ्यासच आधी भोगावा लागतो.

झरा म्हटला म्हणजे तो सर्वस्वी निर्दोष, असेही मानू नये. टाटांच्या मुळशी धरणात आपल्या जमिनी व गावे बुडतात म्हणून मावळातील शेतकऱ्यांनी 1921 ते 1924 या काळात सत्याग्रह केला व त्याचे नेतृत्व सेनापती बापट यांनी केले. भीमेच्या खोऱ्यातून पश्चिमेस वळविलेल्या पाण्यावर तेथील दुष्काळी भागातील शेतकरी आजही हक्क सांगतात. पाणी दरवर्षी भरते, हे खरे. पण बुडालेली जमीन परत येत नाही.

शिवाय झरा भरण्याच्या वेगापेक्षा अधिक उपसला तर त्याचाही साठा होतो व तो संपतो. सरपणाचे उदाहरण घ्यावे. कोलशेतच्या खाडीतील तिवरे आणि येऊरच्या डोंगरावरील झाडे तोडल्यावर पुन्हा फुटतात, परंतु त्यांना वेळ द्यावा लागतो. ठाणे जिल्ह्यातील भातशेतीत राब भाजण्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेणही जाळण्याची चाल आहे. दरवर्षी तीच झाडे ओरबाडल्यास ती खुरटतात आणि राबासाठी अधिक दूर जावे लागते. गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत घालून न भाजताही सकस रोपे तयार होतात. एका वाफ्यापुरता हा प्रयोग करून पाहण्यास कार्यकर्त्यांनी प्रोत्साहन द्यावे.

आता पंपाचा विचार करू, कारण आज शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच मुख्य प्रश्न आहे. पाच अश्वशक्तीचा पंप दिवसाला पाच तास चालविल्यास मोटारीतील तूट सोडूनही सुमारे 18 युनिट वीज लागते. ती वीज कोळशाची असेल तर दूरच्या वीजगृहात सुमारे 13 किलो कोळसा जळतो. तेवढेच काम डिझेल इंजिनावर घेतले तर तासाला सुमारे एक लिटर तेल लागते. सौर पंपास सुमारे 5,000 वॉट क्षमतेची पटले लागतात. त्यानंतर इंधन लागत नाही. राज्य शासनाच्या 2024 सालच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के वाटा भरावयाचा असतो. कोकणात पावसाळ्यात ऊन कमी, पण तेव्हा पंपाची गरजही कमी. भातानंतर मुरबाड-शहापूरकडे भेंडी व इतर भाजीपाला घेतात, त्या महिन्यांत आकाश निरभ्र असते. पटलांवर झाडाची सावली पडू देऊ नये व धूळ साध्या पाण्याने सकाळी पुसावी.

येथेच एक धोका आहे. डिझेलचा खर्च होता तेव्हा शेतकरी मोजून पाणी उपसत असे. ऊन फुकट मिळाले की पंप दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होतो. ऊर्जा अक्षय असली तरी विहीर अक्षय नसते. आपल्याकडील काळ्या कातळात पाणी फार साठत नाही. भरपूर पाऊस पडूनही तो खाडीला जातो. भातसा, तानसा व वैतरणा यांचे पाणी मुंबईस पुरविणाऱ्या शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे सर्वांस ठाऊकच आहे.

शेणाच्या बाबतीत मात्र हिशेब सरळ आहे. गोवरी करून जाळल्यास खत गेले. गोबरगॅस केल्यास इंधनही मिळते व खतही राहते. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून गॅस घेण्याचा प्रयोग 1897 सालीच झाला होता. पुढे जशभाई पटेल यांनी तयार केलेल्या तरंगत्या टोपीच्या संयंत्राचा खादी व ग्रामोद्योग आयोगाने 1960 नंतर देशभर प्रसार केला. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे 50 किलो शेण, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे लागतात. तेवढ्यात लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो. एकच गाय असलेल्या घरी हे संयंत्र बसविण्याचा आग्रह धरणे चूक होय; अशी अनेक संयंत्रे पुढे कोरडी पडली आहेत.

सौर पंप बसविलेल्या प्रत्येक विहिरीसाठी कार्यकर्त्यांनी एक वही ठेवावी. दिवाळीच्या सुमारास व मार्चअखेर गाठी मारलेली दोरी सोडून पाण्याची पातळी मोजावी आणि उपसा थांबल्यावर विहीर पुन्हा भरण्यास किती तास लागले ते लिहावे. लागोपाठ दोन वर्षे हे तास वाढत गेले, तर पंपाचे तास त्या प्रमाणात कमी करावेत व भेंडीचे क्षेत्र घटवून वाल किंवा हरभरा ओलीवर घ्यावा.