लॅपटॉप धडधाकट आहे तोवर त्याचा पेनड्राइव्ह करून ठेवा

नवा लॅपटॉप घरी येतो तेव्हा खोक्यात चार्जर असतो, वॉरंटीचा कागद असतो; विंडोजची सीडी मात्र नसते. विचारले तर दुकानदार म्हणतो, "सगळे आतच आहे." त्याचे म्हणणे खोटे नाही. पण आत आहे ते बाहेर कसे काढून ठेवायचे हे तो सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

ठाणे, कळव्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत आमच्या कित्येक घरांत एकच लॅपटॉप असतो, तोही हप्त्यांवर घेतलेला. मुलीचे कॉलेजचे काम त्यावर, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर, जातपडताळणीच्या कागदांचे स्कॅनही त्यातच. अर्जाची मुदत संपायच्या आठवड्यात तो सुरूच झाला नाही म्हणजे घराची काय अवस्था होते, हे ज्यांच्यावर गुदरले त्यांनाच विचारावे.

मग मशीन स्टेशनबाहेरच्या दुकानात जाते. तिथला कारागीर सांगतो, "फॉरमॅट मारावा लागेल, विंडोज टाकून देतो." तो टाकतो ती बहुधा चोरीची प्रत. काही दिवसांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही फिकट अक्षरे उमटतात. वास्तविक विंडोजसह घेतलेल्या लॅपटॉपच्या किमतीतच विंडोजचे पैसे आपण भरलेले असतात. स्वतःची वस्तू घरात असताना चोरीची वस्तू पैसे मोजून का घ्यावी?

ही तऱ्हा जुनीच आहे. २००१ साली विंडोज एक्सपी आली, तेव्हाही अनेक कंपन्या लॅपटॉपबरोबर सीडी देत नसत. सी ड्राइव्हमध्ये 'आय ३८६' नावाचा फोल्डर असे. एक्सपी बसवायला लागणाऱ्या फाइली त्यात असत. जाणकार मंडळी त्या फोल्डरवरून ७०० एमबीच्या सीडीवर स्वतःची सीडी तयार करीत. नुसता फोल्डर कॉपी करून भागत नसे. मशीन सीडीवरून सुरू व्हावे यासाठी बूट सेक्टर नावाचा छोटासा तुकडाही त्यात घालावा लागे. पुष्कळांची सीडी इथेच फसे.

आज हे काम फार सोपे झाले आहे. १६ जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा पुरतो, पण ३२ चा घ्यावा म्हणजे मध्येच अडणार नाही. तो रिकामा असावा, कारण त्यावरचे सगळे पुसले जाते. लॅपटॉपच्या शोधाच्या रकान्यात इंग्रजीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' लिहिले की 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह' असे येते. ते उघडावे, आणि सिस्टिम फाइल्सचा बॅकअप घेण्याविषयी जी चौकट येते तिच्यावर टिचकी ठेवावी. ती राहिली तर पेनड्राइव्ह दुरुस्तीपुरता उपयोगी पडतो, त्यावरून विंडोज पुन्हा बसत नाही. पुढे तासभर किंवा जास्तही लागेल. चार्जर लावून ठेवावा. महावितरणची लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

वेळ आली की पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करताना बऱ्याच डेल आणि लेनोव्हो लॅपटॉपांत एफ १२ दाबतात. एचपीत एस्केप आणि मग एफ ९. मात्र या पेनड्राइव्हवर फक्त विंडोज असते, आपले फोटो आणि दाखले नसतात. त्यावरून विंडोज नव्याने बसवताना लॅपटॉपमधलेही पुसले जातात. त्यांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर हवीच.

ज्यांचा लॅपटॉप आधीच बंद पडला त्यांनीही हताश होऊ नये. २०१२ मध्ये विंडोज ८ आली, तेव्हापासून कंपनीने घातलेल्या विंडोजची किल्ली लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. दुकानदाराने डिस्क पुसली तरी ती जात नाही. शेजाऱ्याच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' फुकट उतरवावे, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घ्यावी आणि ती बसवावी. पूर्वी 'होम' होती तर 'होम'च बसवा, 'प्रो' नको. मग नेटला जोडल्यावर किल्ली आपोआप लागते. याला पाच जीबीहून अधिक डेटा लागतो, तेवढी तयारी ठेवावी. ज्यांनी डॉसवाला स्वस्त लॅपटॉप घेतला, त्यांच्या चिपमध्ये मात्र किल्ली नसते. बिलावर काय लिहिले आहे ते पाहावे.

आता ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही ते सांगतो. नव्या लॅपटॉपची डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होते. ते कुलूप उघडायला ४८ आकडी किल्ली लागते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा होते. आमच्या परिचयातल्या एका घरी पहिल्या दिवशी दुकानातल्या मुलाने घाईत आपल्याच ईमेलवर खाते उघडून दिले. दोन वर्षांनी लॅपटॉपने किल्ली मागितली तेव्हा तो मुलगा दुकान सोडून गेला होता. मशीन पुसून नवे झाले, पण त्यातले कागद परत मिळाले नाहीत. तेव्हा खाते घरच्याच माणसाच्या ईमेलवर उघडावे आणि ते ४८ आकडे वहीत उतरवून ठेवावे.

विंडोज १० ची नेहमीची मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. अशा मशीनवर केलेला पेनड्राइव्ह १० च परत आणील. ज्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही, त्यावर लिनक्स फुकट आणि रीतसर घालता येते. सरकारच्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' नावाचे लिनक्स काढले आहे, त्यात मराठीही चालते. चोरीच्या विंडोजपेक्षा आम्ही तरी तेच पसंत करू.

पेनड्राइव्हला कागद चिकटवून त्यावर लॅपटॉपचे नाव आणि तारीख लिहावी, वर्षातून एकदा तो नव्याने करावा. आणि तो लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नये; बॅग लोकलमध्ये राहिली तर दोन्ही जातात. २६ जुलै २००५ ला वालधुनी आणि उल्हास नदीचे पाणी ज्यांच्या घरांत शिरले, त्यांना खालच्या खणात काय ठेवू नये हे सांगायला नको. दाखल्यांच्या फाइलीबरोबर, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.