अक्षरांवरून शब्दशोध

अक्षरांवरून शब्दशोध म्हणजे काही अक्षरे आणि त्यांची स्थाने यांच्या आधारे अज्ञात शब्द हुडकून काढणे. शब्दकोडी, स्क्रॅबल, वर्डल, भेंड्या अशा खेळांचा हा पाया होय. शोधणाऱ्याला मिळणारी माहिती साधारणतः तीन प्रकारची असते: अमुक अक्षर अमुक जागी आहे, अमुक अक्षर शब्दात आहे, परंतु त्याची जागा ठाऊक नाही, आणि अमुक अक्षर शब्दात मुळीच नाही. वर्डल या खेळातील हिरवा, पिवळा व करडा हे रंग हीच तीन विधाने करतात.

इंग्रजी खेळ

आधुनिक शब्दकोडे आर्थर विन यांनी रचले व ते २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांतील मजकुरात कोणते वर्ण किती वेळा येतात हे मोजून सोंगट्यांची संख्या व गुण ठरवले. इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांपैकी १२ ‘ई’ या वर्णाच्या असून प्रत्येकीला १ गुण आहे. क्यू व झेड यांची प्रत्येकी एकच सोंगटी व तिला १० गुण. क्यूच्या मागोमाग बहुधा यू येतो, आणि आयएनजी हे तीन वर्ण हाती असल्यास ते शेवटी बाजूला ठेवून उरलेल्यांतून धातू शोधावा, हे नवशिक्याला उपयोगी पडते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला मात्र आरंभी हे जड जाते, कारण तो शब्द अक्षरांनी मोजत असतो, वर्णांनी नव्हे.

मराठी शब्दकोड्यातील चौकट

मराठी शब्दकोड्यात एका चौकटीत एक अक्षर बसते. मग ते नुसते व्यंजन असो, स्वरचिन्हासह असो वा जोडाक्षर. ‘स्त्री’ हा शब्द एकाच चौकटीत मावतो. ‘सोलापूर’ला मराठीत चार चौकटी पुरतात, इंग्रजीत सात लागतात, ‘अक्कलकोट’ला अनुक्रमे पाच व आठ. कन्नड व तेलुगू कोड्यांतही अशीच अक्षरपद्धती आहे, त्यामुळे सोलापुरातील बहुभाषिक घरांत हा हिशेब मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील तालुक्यांची नावे घेऊन ही रीत पाहता येते. पाच चौकटींची नावे चार: अक्कलकोट, पंढरपूर, माळशिरस व मंगळवेढा. ‘ळ’ आहे एवढेच कळले तर शेवटची दोन उरतात. तो दुसऱ्या चौकटीत आहे असे कळले तर केवळ माळशिरस. ‘करमाळा’ येथे दोन कारणांनी बाद होतो: त्याला चारच चौकटी आहेत आणि त्यातील अक्षर ‘ळा’ आहे, ‘ळ’ नव्हे. इंग्रजीत वर्ण जुळला की काम भागते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी सारेच जुळावे लागते.

म्हणून येथे शुद्धलेखन हा खेळाचाच नियम ठरतो. आडव्या ‘गुरू’च्या अखेरच्या चौकटीतून उभा ‘रूप’ निघू शकतो, ‘रुमाल’ निघू शकत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार शब्दाच्या अखेरचे इकार-उकार दीर्घ लिहिले जातात. ‘आणि’, ‘नि’ तसेच ‘परंतु’, ‘तथापि’ यांसारखी तत्सम अव्यये अपवाद. समासात मात्र ‘कवी’चे ‘कविमंडळ’ होते. त्यामुळे चौकटीत ‘वि’ आला, की शब्द बहुधा तेथे संपत नाही, एवढे निश्चित कळते. अखेरीस ‘णे’ असल्यास क्रियापद संभवते. शुद्धलेखनाच्या स्वतंत्र तासापेक्षा हा अभ्यास मुलांच्या अधिक लक्षात राहतो, असे अध्यापनाच्या अनुभवावरून म्हणता येईल.

पूर्वपरंपरा

अक्षरांचे बंधन पाळून शब्द निवडणे मराठीला नवे नाही. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) अनेक रामायणांपैकी ‘निरोष्ठ रामायण’ हे ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले आहे. ‘म’ ओष्ठ्य असल्यामुळे रामकथेत ‘राम’ हे नावच वर्ज्य ठरते. वरील तिसऱ्या प्रकारच्या अटीचे याहून कठीण उदाहरण सापडणे अवघड. भेंड्यांमध्ये केवळ अखेरचे अक्षर पाहिले जाते. ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत नसल्यामुळे तेथे ‘ल’ चालवून घेतात.

संगणकावरील शोध

छापील शब्दकोश पहिल्या अक्षरापासून लावलेले असतात. मधले किंवा शेवटचे अक्षर तेवढे ठाऊक असल्यास त्यांचा फारसा उपयोग होत नाही. इंग्रजीत ही उणीव संगणकाने सहज भरून काढली. मराठीत अडचण येते ती मोजणीची. युनिकोडमध्ये व्यंजन, स्वरचिन्ह व हलन्तचिन्ह यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. ‘स्त्री’ हे एक अक्षर म्हणजे सहा संकेतांक: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. ‘सोलापूर’चे सात होतात. चार चौकटींचा शब्द मागितला असता केवळ संकेतांक मोजणारी आज्ञावली ‘सोलापूर’ गाळते आणि दोनच चौकटींचा ‘माढा’ (म, आकार, ढ, आकार) पुढे करते. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या अक्षरविभाजनात २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आला. तत्पूर्वीच्या नियमाने ‘स्त्री’चे तीन तुकडे पडत. मराठीसाठी शोधसाधन तयार करणाऱ्याने प्रथम शब्दाचे अक्षरांत विभाजन करावे आणि मगच चौकटी मोजाव्यात.