शर्यत कोणी जिंकली?

शाळेच्या क्रीडास्पर्धेतली मुलींची १०० मीटरची शर्यत. दोघी जणी जवळजवळ एकदमच अंतिम रेषेवर पोचल्या आणि पंचांचे एकमत होईना. तेवढ्यात एक शिक्षक पुढे आले. गच्चीवर, अंतिम रेषेच्या अगदी सरळीत उभे राहून त्यांनी फोटो घेतला होता. कॅमेरा नव्या पद्धतीचा, म्हणजे आत आरसा नसलेला, मिररलेस. शटर इलेक्ट्रॉनिक, वेळ १/४००० सेकंद. फोटो स्पष्ट होता आणि त्यात अलीकडच्या लेनमधली मुलगी तीन बोटे पुढे दिसत होती. निकाल लागला. आम्हीही टाळ्या वाजवल्या.

नंतर आकडेमोड करायला बसलो तेव्हा मात्र शंका आली.

वरवर पाहता शंकेला जागा नाही. सेकंदाला ७ मीटर वेगाने धावणारी मुलगी १/४००० सेकंदात २ मिलिमीटरसुद्धा पुढे जात नाही. मग चूक कुठे होईल? ती होते, कारण १/४००० सेकंद हा प्रत्येक ओळीने प्रकाश घेण्याचा काळ आहे. सगळ्या ओळी तो एकाच वेळी घेत नाहीत.

कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर लक्षावधी पिक्सेल असतात. २४० लाख पिक्सेलचा सेन्सर घेतला तर ६००० पिक्सेलची एक ओळ आणि अशा ४००० ओळी. पिक्सेलवर प्रकाश पडला की विद्युतभार साठतो. किती साठला ते मोजावे लागते आणि ही मोजणी वर्गातल्या हजेरीसारखी होते: पहिली ओळ, मग दुसरी, मग तिसरी. जी ओळ उशिरा वाचली जाणार तिने प्रकाश घ्यायला सुरुवातही उशिरा करायची, म्हणजे सर्व ओळींना सारखाच काळ मिळतो. पण पहिल्या ओळीचे ‘आत्ता’ आणि शेवटच्या ओळीचे ‘आत्ता’ यांत अंतर पडते. साध्या मोठ्या सेन्सरमध्ये हे अंतर १/३० सेकंदाच्या आसपास असू शकते. छताचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर तेवढ्यात तो ६० अंश फिरतो. फोटोत पंख्याची पाती कोयत्यासारखी वाकडी येतात ती त्यामुळेच.

आता आपली शर्यत. गच्चीवरून पाहताना पलीकडची लेन फोटोत वर येते, अलीकडची खाली. दोघींमध्ये फोटोच्या उंचीच्या पावपट अंतर होते. वाचन वरून खाली झाले असेल, तर अलीकडच्या मुलीची ओळ १/१२० सेकंद उशिरा वाचली गेली. तेवढ्या वेळात ती जवळजवळ ६ सेंटिमीटर पुढे सरकते. फोटोत दिसलेली आघाडी होती तीन बोटांची!

हा दोष काही इलेक्ट्रॉनिक युगाचा नव्हे. फ्रेंच छायाचित्रकार झाक लार्तीग यांनी १९१२-१३ च्या सुमारास शर्यतीच्या मोटारीचा एक फोटो घेतला. त्यात गोल चाके पुढे कललेल्या लंबवर्तुळासारखी दिसतात. त्या कॅमेऱ्यात काचेवरून एक फट सरकत जाई आणि तिचा प्रवास होईपर्यंत मोटार पुढे गेलेली असे. यांत्रिक शटरच्या आजच्या पडद्यांचेही तत्त्व तेच, फक्त त्यांचा प्रवास साधारण १/२५० सेकंदात होतो. म्हणजे आमच्या शिक्षकमित्राने ‘खट्’ असा आवाज करणारे शटर वापरले असते, तर चूक ७ मिलिमीटरच्या आत राहिली असती!

सेन्सरचे वाचन इतके हळू का? भार हा विजेच्या दाबाच्या रूपात येतो आणि त्याचा आकडा करावा लागतो. सामान्यतः एक चढता दाब पायरी-पायरीने वाढवत नेतात आणि पिक्सेलच्या दाबाशी तो जुळेपर्यंत पायऱ्या मोजतात. १४ बिटांच्या आकड्यासाठी १६,३८४ पायऱ्या लागतात, १२ बिटांसाठी ४०९६ पुरतात. म्हणून काही कॅमेरे घाई असली की गुपचूप १२ बिटांवर उतरतात. वेग वाढतो, पण छायेतले बारकावे थोडे कमी होतात.

आरसा असलेल्या कॅमेऱ्यात नेम धरताना सेन्सरला विश्रांती असे. मिररलेसमध्ये डोळ्याला दिसणारे चित्र, फोकस आणि फोटो ही सारी कामे एकट्या सेन्सरची. म्हणून इथे वेगाची गरज जास्त. यावर निघालेला उपाय म्हणजे माडी चढवणे. वरच्या मजल्यावर फक्त प्रकाश टिपणारे पिक्सेल आणि खालच्या मजल्यावर मोजणारी मंडले व स्मृती. जागा मिळाल्यामुळे मोजणारे हात वाढवता येतात, अनेक ओळी एकदम मोजता येतात आणि आकडे तात्पुरते तिथेच साठवता येतात. २०१७ मध्ये आलेल्या सोनी अल्फा ९ मध्ये असा मोठा सेन्सर होता. त्याचे वाचन सुमारे १/१६० सेकंदात होते. २०२१ चा निकॉन झेड ९ सुमारे १/२७० सेकंदापर्यंत पोचला, म्हणजे यांत्रिक पडद्याच्या बरोबरीला. त्यात यांत्रिक शटर ठेवलेलेच नाही.

पण ओळी कितीही भराभर वाचल्या, तरी हजेरी ती हजेरीच. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी अल्फा ९ थ्री मध्ये सर्व पिक्सेल एकाच क्षणी उघडतात आणि एकाच क्षणी मिटतात. सेकंदाला १२० फोटो घेता येतात. प्रत्येक पिक्सेलला १४ बिट धरले तर सेकंदाला ४,१०० कोटी बिट होतात! याची किंमतही मोजावी लागते. टिपलेला भार पाळी येईपर्यंत जपून ठेवायला प्रत्येक पिक्सेलपाशी जागा लागते आणि ती प्रकाश साठवण्याच्या जागेतूनच जाते. भांडे लहान झाले की लवकर भरते. या कॅमेऱ्याची सर्वांत कमी संवेदनक्षमता २५० आहे. अल्फा ९ ची १०० होती. उजेड आणि सावली दोन्ही असलेले निसर्गदृश्य टिपायचे असेल, तर आम्ही जुनाच कॅमेरा घेऊ.

ऑलिंपिकमध्ये निकाल कसा ठरतो? १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा यांचे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतले कांस्यपदक १/१०० सेकंदाने हुकले. त्यांची वेळ ५५.४२ सेकंद, तिसऱ्या धावपटूची ५५.४१. त्यांच्या वेगाने हे अंतर होते ७ सेंटिमीटर. फोटो-फिनिश कॅमेरा फक्त अंतिम रेषेची एक बारीक फट पाहतो आणि तीच पुन्हा पुन्हा टिपून एकापुढे एक जोडतो. त्या चित्रात आडवी दिशा म्हणजे अंतर नव्हे, काळ. तिथे काळ लपलेला नाही, म्हणून तो मोजता येतो.

आपल्या कॅमेऱ्यातला लपलेला काळही मोजता येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून चोक असलेली ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. इलेक्ट्रॉनिक शटरवर १/२००० सेकंद वेळ ठेवून तिच्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. आडवे काळे-पांढरे पट्टे दिसतील. पट्ट्यांच्या जोड्या मोजून १०० ने भागले की वाचनाचा काळ मिळतो. मोबाईलवरही जमेल, पण लुकलुक टाळण्यासाठी फोन आपणहून १/१०० सेकंद वेळ निवडतो आणि पट्टे नाहीसे होतात. असे झाले तर दिव्याच्या जवळ जाऊन उजेड वाढवा. वाचनाची दिशा शोधायला उभी मीटरपट्टी झपकन उजवीकडे न्या आणि तेव्हाच फोटो घ्या. पट्टीचे जे टोक उजवीकडे कललेले दिसेल, ते नंतर वाचले गेले.

त्या कॅमेऱ्यावर मुलांनी हे दोन्ही प्रयोग केले. पट्टे तीनपेक्षा थोडे जास्त आले आणि वाचन वरून खाली होत असल्याचे दिसले. तीन बोटांतून सहा सेंटिमीटर वजा केल्यावर आघाडी उरली ती पलीकडच्या मुलीची, तीही जेमतेम सेंटिमीटरभर, म्हणजे आपल्या मोजणीच्या चुकीएवढीच. क्रीडाशिक्षकांनी वही पाहिली आणि पहिला क्रमांक दोघींना विभागून दिला.