गडाची वाट आणि वाटेची सेवा

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसले, की महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांकडे भाविकांची पावले वळू लागतात. त्यांतील अर्धे पीठ म्हणून पूजिले जाणारे सप्तशृंगीचे स्थान नाशिक जिल्ह्यात, कळवण तालुक्यात, सात शिखरांच्या डोंगरावर आहे. कड्याच्या पोटात उभ्या असलेल्या अष्टादशभुजा आदिमायेचे माहात्म्य भाविकांस नव्याने सांगावयास नको. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते तिच्या चरणांपर्यंत नेणाऱ्या वाटेविषयी.

गडाचे चढण दोन टप्प्यांचे आहे. पायथ्यापासून पठारापर्यंत पहिला टप्पा आणि पठारावरील वस्तीपासून मंदिरापर्यंत दुसरा. या दुसऱ्या टप्प्यातील सुमारे 470 पायऱ्या 1710 मध्ये उमाबाई दाभाडे यांनी बांधविल्या. उमाबाई या पुढे मराठ्यांचे सेनापती झालेल्या खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी; त्यांचे माहेर अभोण्याचे ठोके देशमुख घराणे. अभोणे गडाच्याच परिसरातले. माहेरच्या देवीस लेकीने वाहिलेली ही दगडांची ओटीच म्हणावयाची! पतीनंतर आणि 1731 मध्ये डभोईच्या रणांगणावर पुत्र त्रिंबकराव पडल्यानंतर या बाईने दाभाड्यांचा कारभार खंबीरपणे सांभाळला, हे इतिहास जाणतो. परंतु गडावर तिची आठवण आहे ती पायऱ्यांच्या रूपाने.

खालच्या टप्प्यातील सुमारे 350 पायऱ्यांचे श्रेय शिलालेख नाशिकच्या कोन्हेर, रुद्राजी आणि कृष्णाजी या तिघांस देतात. हे काम 1768-69 मधले. या चढणीवर राम, मारुती, राधाकृष्ण यांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत, एके ठिकाणी कासवही आहे. दमलेल्या यात्रेकरूने क्षणभर थांबावे, हात जोडावेत आणि पुन्हा चालू लागावे, अशी ही योजना. वाट बांधणाऱ्यांनी केवळ पायांचा नव्हे, मनाचाही विचार केला होता.

बांधणाऱ्याचे नाव असे दगडावर राहते. राखणाऱ्याचे मात्र कोठेच राहत नाही. आणि डोंगरातील वाट टिकते ती राखणाऱ्यामुळे. सह्याद्रीचा पाऊस चार महिने वाटेशी झुंजत असतो. पायरीशेजारची पन्हळ पालापाचोळ्याने तुंबली, की पाणी पायऱ्यांवरून धावू लागते. दगडांखालची माती वाहून जाते. एक दगड डळमळला की त्याच्या आधाराचे दोन सुटतात. सांधीत रुजलेले पिंपळाचे रोप वेळीच उपटले नाही, तर त्याचे मूळ पुढे पहारीचे काम करते. म्हणून मृगापूर्वी पन्हळी मोकळ्या कराव्यात, पाऊस सरताच गवत कापावे, निखळलेला दगड त्याच जागी घट्ट बसवावा, हा डोंगरवाटांचा जुना शिरस्ता आहे. वळण टाळून मधूनच उतरणाऱ्यांच्या पावलांनी जी आडवाट पडते, तीच पुढे पावसाचा ओहोळ होते आणि मूळ वाटेचा घास घेते.

याच डोंगराचे एक चढण सर्वसामान्यांसाठी नाही. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात शिखरावर ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या एका घराण्याकडे परंपरेने आहे. जेथे पाहणाऱ्यास पाऊल ठेवावयास जागा दिसत नाही, तेथे हे मानकरी रात्री चढून जातात. ती वाट दगडात नाही. पित्याने पुत्राच्या स्वाधीन केलेल्या ज्ञानात आहे. एका पिढीने हे ज्ञान पुढे दिले नाही, तर कोणतीही द्रव्यराशी ती वाट परत आणू शकणार नाही.

आता नांदुरीहून पठारापर्यंत मोटाररस्ता आहे आणि 2018 पासून पठारावरून मंदिराकडे रुळांवरची ट्रॉलीही धावते. वृद्ध, आजारी व अपंग भाविकांस मातेचे दर्शन सुलभ झाले, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु धडधाकट पावलेही पायरी विसरली तर काय होईल? ज्या वाटेवर पाऊल पडत नाही, तिच्यावर कोणाचे लक्ष राहत नाही. आणि लक्ष उडालेली वाट दोन-चार पावसाळ्यांत रानाची होते. चैत्रात खानदेशातून अनवाणी येणारे पदयात्री आणि कोजागरीस तीर्थजलाच्या कावडी खांद्यावर घेऊन येणारे कावडीवाले यांनी ही ओढ अद्याप जिवंत ठेवली आहे.

मार्कंडेय ऋषींचे स्तवन ऐकण्यासाठी समोरच्या डोंगराकडे देवीने मान किंचित कलती केली आहे, अशी श्रद्धा आहे. भक्ताचा शब्द ऐकणाऱ्या त्या मातेस भक्ताचे पाऊलही ऐकू येत असेलच. म्हणून या नवरात्रात ज्यांच्या अंगी बळ आहे त्यांनी निदान एक टप्पा पायी चढावा. उतरताना आपलाच नव्हे, दुसऱ्याने टाकलेला कचराही खाली आणावा. तुंबलेल्या पन्हळीतला मूठभर पाला बाजूस सारावा. उमाबाईंसारखे दान प्रत्येकास साधणार नाही. त्या दानाची राखण मात्र प्रत्येकास साधेल, आणि आमच्या मते तीही पूजाच होय.